विश्लेषण : कमी खर्चात घरीच युकुलेली बनवता येते का?

मंद्रूप : मोबाइलवरचे व्हिडिओ पाहून घरातल्या लेकरानं युकुलेलीचा हट्ट धरलाय? दक्षिण सोलापूर तालुक्यातल्या मंद्रूपसारख्या गावात सुतार सहज भेटतो, वाद्यांचं दुकान मात्र शहरात. मग सुताराकडच्या उरल्या लाकडातून हे वाद्य घरीच बनेल का? बनेल. पण एका ठिकाणी चुकलं, तर वाद्य बेसूर होतं आणि मूल समजतं, ‘मलाच जमत नाही.’ ते टाळायचं कसं?

युकुलेली म्हणजे काय?
गिटारच्या धाकट्या बहिणीसारखं हे चार नायलॉन तारांचं वाद्य. २३ ऑगस्ट १८७९ रोजी ‘रेवन्सक्रॅग’ जहाजातून मदेरा बेटावरचे पोर्तुगीज मजूर हवाईत पोहोचले. त्यांच्यातल्या सुतारांनी आपल्या छोट्या तंतुवाद्यावरून ही युकुलेली घडवली. म्हणजे मुळात हे सुतारांचंच वाद्य.

खरंच स्वस्त पडते का?
साधी तयार युकुलेली दीड-दोन हजार रुपयांच्या आसपास मिळते. त्यामुळे नवी हत्यारं विकत घेऊन बनवली तर बचत होत नाही. करवत, कानस घरात असेल किंवा उसनी मिळत असेल, तरच परवडते. विकत घ्यायच्या वस्तू दोनच : नायलॉन तारांचा संच आणि चार खुंट्या. खुंट्या दातेरी चाकाच्या घ्या, त्या घसरत नाहीत.

पेटी कशाची करावी?
साधारण २३ सेंटीमीटर लांब लाकडी खोका चालतो. झाकण दोन-तीन मिलिमीटर जाडीच्या प्लायवूडचं ठेवून त्याला गोल भोक पाडा. दांडी सागवानाची, सुमारे ५५ सेंटीमीटर लांब. एकतारीत दांडी भोपळ्यातून आरपार जाते, तशीच ती पेटीतून आरपार न्या. तारा पेटीबाहेरच्या टोकाला बांधा. त्यामुळे ताण दांडीवर येतो, पेटी उचकटत नाही. पेटीच्या आत दांडी थोडी तासा. ती झाकणाला टेकली की आवाज दबतो.

भोपळा का नको?
मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्यांचे भोपळे आपल्याच जिल्ह्यातल्या पंढरपूर-मंगळवेढा भागात पिकतात. पण भोपळा वाळवायला वेळ लागतो आणि कापताना तडकतो. पहिल्या वेळी खोकाच बरा.

सूर कुठे चुकतो?
पडद्यांच्या जागेत. वरच्या पट्टीपासून घोडीपर्यंतची तार ३५० मिलिमीटर धरा. उरलेल्या लांबीला दरवेळी १७.८१७ ने भागत गेलं, की पुढच्या पडद्याचं अंतर मिळतं. वरच्या पट्टीपासून जागा अशा (मिलिमीटरमध्ये) :
• पहिला : १९.६
• दुसरा : ३८.२
• तिसरा : ५५.७
• चौथा : ७२.२
• पाचवा : ८७.८
• सातवा : ११६.४
• बारावा : १७५, म्हणजे बरोबर मध्य

प्रत्येक माप वरच्या पट्टीपासूनच घ्या. पडद्यापासून पडदा मोजला, तर चूक वाढत जाते.

माप चुकलंच तर?
इथे सतारीची युक्ती कामाला येते. सतारीचे पडदे दोऱ्यानं बांधलेले असतात, ते सरकवता येतात. तसेच गळाच्या जाड नायलॉन दोरीचे पडदे दांडीभोवती घट्ट बांधा. दांडी पेटीकडे किंचित रुंद ठेवली, तर पडदा त्या बाजूला सरकवताना आवळला जातो. पहिले पाच पडदे शिकायला पुरतात. घोडीही चिकटवू नका. तारांच्या ताणानं ती जागेवर बसते.

तारा कशा लावाव्यात?
पेटीच्या पांढरी एकला सा धरा. तारा क्रमानं प, सा, ग, ध अशा लावा. पहिली प ची तार सा पेक्षा उंच असते, ती खर्जात लावू नका. मोबाइलवरचं मोफत ट्यूनर ॲप वापरलं तरी चालेल. पोलादी तार मात्र लावू नका. तिच्या ताणानं दांडी वाकते.

वाद्य झालं हे कसं ओळखावं?
तार बरोबर मध्यावर, १७५ मिलिमीटरवर दाबून छेडा. मोकळ्या तारेचाच सूर वरच्या सप्तकात मिळायला हवा. चढा आला तर घोडी पट्टीपासून जरा लांब सरकवा, उतरला तर जवळ घ्या. मग पडदे एकेक करून ट्यूनरवर जुळवा. नव्या नायलॉन तारा ताणत राहतात, म्हणून पहिले काही दिवस रोज सूर लावा. तेवढ्यात बेसूर झाली, तर दोष लेकराच्या हाताचा नाही, तारेचा आहे.