नकाराच्या पत्रानंतरचा एक महिना

वाकडमध्ये व्हिसाची फाइल ही काही अपूर्वाईची गोष्ट राहिलेली नाही. हिंजवडी हाकेच्या अंतरावर आहे, आणि चाकणला २००९पासून फोक्सवॅगन आणि मर्सिडीज-बेंझचे कारखाने आहेत. प्रोजेक्टसाठी म्युनिकला गेलेली मुलगी तिथेच जोडीदार शोधते, चाकणला आलेला जर्मन इंजिनिअर इथला जावई होतो. लग्नाचं कौतुक ओसरतं आणि एक दिवस जोडीदाराजवळ राहण्याचा अर्ज नामंजूर झाल्याचं पत्र येतं.

पत्र आलं की घरात रडारड होते, नातेवाइकांचे फोन सुरू होतात, आणि एखादा एजंट सांगतो, “सोडा हो, नव्याने अर्ज टाकू.” या गडबडीत एक साधं काम राहून जातं. पत्र कोणत्या दिवशी हातात पडलं, ती तारीख लिहून ठेवणं. दाद मागण्याची मुदत त्या दिवसापासून धावू लागते.

दुसरं काम म्हणजे नकार कोणत्या कायद्याखाली दिला आहे, ते पाहणं. इथे भल्याभल्यांची गल्लत होते. युरोपियन नागरिकाशी लग्न झालं एवढ्याने सगळ्यांना एकच नियम लागत नाही. नवरा इटलीचा आणि नोकरी जर्मनीत, तर तो आपला देश सोडून दुसऱ्या सदस्य देशात राहणारा युरोपियन नागरिक ठरतो, आणि बायकोला युरोपीय महासंघाच्या २००४ सालच्या ३८व्या निर्देशाचं संरक्षण मिळतं. तिचा व्हिसा मोफत आणि लवकर द्यायचा असतो, निवास कार्डाच्या अर्जावर सहा महिन्यांत निर्णय घ्यायचा असतो, भाषेची परीक्षा मागता येत नाही. नकार दिलाच, तर कारणं लेखी आणि सविस्तर कळवावी लागतात, दाद कुठे आणि किती मुदतीत मागायची ते सांगावं लागतं, आणि देश सोडायला सांगितलं तर त्यासाठीची मुदत साधारणपणे एक महिन्याहून कमी ठेवता येत नाही. ही दाद ऐकणाऱ्यांनी कायद्याचा मुद्दा आणि प्रकरणातली वस्तुस्थिती, दोन्ही तपासायच्या असतात.

तोच नवरा जर्मन असेल आणि जर्मनीतच राहत असेल, तर मात्र जर्मनीचा स्वतःचा निवास कायदा लागतो. त्यात बायकोला सहसा ए-वन पातळीचं जर्मन यावं लागतं. म्हणजे स्वतःच्या देशात राहणाऱ्या नागरिकाच्या बायकोला परक्या देशात राहणाऱ्याच्या बायकोपेक्षा कडक नियम. हे अन्यायाचं वाटतं, आणि आहेच.

या भिंतीला पहिलं मोठं भगदाड एका भारतीयाच्या खटल्याने पाडलं. सुरिंदर सिंग यांनी १९८२ साली ब्रिटिश नागरिक असलेल्या मुलीशी ब्रॅडफर्डला लग्न केलं. १९८३ ते १९८५ दोघांनी जर्मनीत नोकरी केली आणि मग ते ब्रिटनला परतले. पुढे प्रकरण सिंग यांना देशाबाहेर काढण्याच्या आदेशापर्यंत गेलं. ७ जुलै १९९२ रोजी युरोपीय न्यायालयाने निकाल दिला की, नागरिक दुसऱ्या सदस्य देशात काम करून मायदेशी परतला, तर त्याच्या जोडीदाराला निदान त्या दुसऱ्या देशात मिळतील तेवढे हक्क मायदेशीही मिळाले पाहिजेत. पुढे २०१४च्या एका निकालाने हेही स्पष्ट केलं की शनिवार-रविवारच्या फेऱ्या किंवा सुट्ट्या यांवर हा हक्क उभा राहत नाही. तीन महिन्यांहून जास्त काळ खरंखुरं वास्तव्य झालेलं असावं लागतं.

जर्मन नकाराविरुद्ध पूर्वी वकिलातीकडेच फेरविचार मागता येत असे. १ जुलै २०२५पासून ती सोय जगभर बंद झाली. आता थेट बर्लिनच्या प्रशासकीय न्यायालयात दावा. प्रतिवादी म्हणून जर्मनीचं संघराज्य, त्याच्या वतीने परराष्ट्र खातं. पहिल्या पायरीवर वकील सक्तीचा नाही, पण कागद जर्मन भाषेत लागतात. साधा ईमेल दावा म्हणून धरला जात नाही. सही केलेलं पत्र एक महिन्याच्या मुदतीच्या आत न्यायालयात पोहोचावं लागतं, वाकडहून कुरिअर मुदतीत निघालं एवढ्यावर भागत नाही. दिलासा इतकाच की सगळा युक्तिवाद त्याच महिन्यात लिहून झाला नाही तरी चालतं. दावा कोणाचा, कोणाविरुद्ध आणि कोणत्या निर्णयाबद्दल, हे आधी कळवायचं आणि नकाराच्या पत्राची प्रत जोडायची. कारणमीमांसा मागाहून देता येते. वकील दिला असेल तर त्याने सर्वांत आधी सरकारी फाइल पाहायला मागावी. पत्रात दोन ओळींत उरकलेलं कारण फाइलमध्ये मुलाखतीच्या टिपणांसह सापडतं.

आणि त्या टिपणांत काय असतं? बहुतेकदा तारखा. मंगल कार्यालयातलं लग्न एका मुहूर्तावर लागलेलं, आणि विशेष विवाह कायद्याखाली तीस दिवसांची नोटीस देऊन निबंधकासमोरची नोंदणी वेगळ्याच महिन्यात झालेली. लग्न कधी झालं, असं विचारल्यावर ती मुहूर्ताची तारीख सांगते, तो नोंदणीची. दोघंही खरं बोलत असतात. अधिकारी मात्र लिहून ठेवतो की उत्तरं जुळत नाहीत. अपिलात याचं उत्तर भावनेने देऊन उपयोग नाही. लग्नपत्रिका, कार्यालयाची पावती, नोटिशीची तारीख आणि विवाह प्रमाणपत्र एकाखाली एक लावलं की दोन तारखांचा उलगडा एका पानावर होतो.

नावाचंही तसंच. शाळेच्या दाखल्यावर मधलं नाव वडिलांचं, लग्नानंतर आधारवर नवऱ्याचं, पासपोर्टवर अजून माहेरचं आडनाव. इथे कोणाला त्यात वावगं दिसत नाही. युरोपातल्या अधिकाऱ्याला त्या दोन वेगळ्या बायका वाटू शकतात. राजपत्रातली नावबदलाची नोंद किंवा नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्र अर्जाच्या वेळीच जोडलेलं असेल, तर पुढचं बरंच वाचतं. जर्मनीच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. एका शिक्क्यावर परदेशी कागद मान्य करण्याच्या अपोस्टिल करारात भारत २००५पासून आहे, पण जर्मनीने भारताच्या प्रवेशाला हरकत नोंदवली, त्यामुळे या दोन देशांत तो शिक्का चालत नाही. कागद खरे आहेत का, हे वकिलातीने नेमलेला इथलाच वकील निबंधकाच्या नोंदवहीत जाऊन पाहतो. त्याचा खर्च अर्जदाराच्या माथी, आणि त्यात महिने जातात.

लग्न फक्त कागदोपत्री केलेलं आहे, हा आरोप सगळ्यांत जिव्हारी लागतो. निर्देशाखालच्या प्रकरणांत, युरोपीय आयोगाच्या मार्गदर्शनानुसार, हा आरोप सिद्ध करण्याचा भार सरकारवर असतो, आणि लग्नामुळे राहण्याचा हक्क मिळतो एवढ्यावरून ते खोटं ठरवता येत नाही. हे अपिलात स्पष्ट मांडायलाच हवं. सोबत विमानाची तिकिटं, एकमेकांना पाठवलेले पैसे, दोन्ही घरच्यांसोबतचे फोटो तारीखवार द्यावेत. हजारो चॅट छापून गठ्ठा पाठवला तर तो कोणी वाचत नाही.

भाषेच्या कारणावरून नकार आला, तरी रस्ता बंद होत नाही. जर्मन नागरिकाच्या जोडीदाराने वर्षभर प्रयत्न करूनही परीक्षा जमली नाही, तर व्हिसा अडवता येत नाही, असं जर्मनीच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने ४ सप्टेंबर २०१२ रोजी ठरवलं. म्हणून क्लासच्या पावत्या आणि नापास झाल्याचा निकालसुद्धा जपून ठेवावा. हिंजवडीतल्या पदवीधरांनी आणखी एक तरतूद पाहावी. शिक्षणाला साजेशी नोकरी जर्मनीत मिळण्याजोगी असेल, तर परीक्षेतून सूट मिळू शकते.

गोवा आणि सिंधुदुर्गात हाच गुंता वेगळ्या रूपात दिसतो. १९ डिसेंबर १९६१पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या वारसांना पोर्तुगालमध्ये जन्म नोंदवून तिथलं नागरिकत्व घेता येतं. नवऱ्याने तसं केलं, पण लग्नाची नोंद लिस्बनला पोहोचवली नाही, तर पोर्तुगालच्या दफ्तरी तो अविवाहितच राहतो. मग सावंतवाडीची बायको त्याच्यामागून आयर्लंडला जायला निघाली, की तिथला अधिकारी लग्नाबद्दल शंका घेऊ शकतो. अशा वेळी अपिलाआधी पोर्तुगालमधली नोंद दुरुस्त करावी लागते.

नव्याने अर्ज करावा की दाद मागावी, याचा निर्णय म्हणूनच कारण वाचून घ्यायचा असतो. एखादा कागद खरोखर नव्हता आणि आता हातात आहे, तर नवा अर्ज बहुधा लवकर सुटतो. कागद सगळे होते आणि अधिकाऱ्याने कायदा चुकीचा लावला किंवा लग्नच खोटं ठरवलं, तर नव्या अर्जावर तोच शेरा पुन्हा येण्याची भीती असते. तिथे मुदतीत दावा दाखल करणंच शहाणपणाचं. दोन्ही एकाच वेळी करायलाही हरकत नसते, फक्त दोन्हींकडे लिहिलेल्या तारखा आणि नावं अक्षरशः सारखी हवीत, आणि जर्मनीतल्या जोडीदारालाही ती प्रत आधी पाठवलेली हवी, कारण न्यायालय त्याला साक्षीला बोलावू शकतं.