डिझेलमधले पाणी

महागणपतीचे दर्शन घेऊन निघालो आणि रांजणगाव सुटते न सुटते, तोच डोंगर चढणारी आमची दांडगी गाडी आचके देऊन थांबली.

"अहो, तो पिवळा दिवा चार दिवस लागतोय!" सौ. म्हणाली.

मी पुन्हा किल्ली फिरवणार, तेवढ्यात रस्त्यावरच्या मिस्त्रीने हात धरला. "साहेब, आता चालवलीत तर लाखाला पडेल!"

खरेच होते. जुन्या गाड्या थोडेबहुत पाणी पचवीत. या नव्या इंजिनात डिझेल चाकातल्या हवेच्या सुमारे सातशेपट दाबाने जाते. पंपाला वंगणही त्याचेच. पाणी शिरले की पोलाद पोलादावर घासते.

त्याने फिल्टरखालचा स्क्रू सैल केला. अर्धी वाटी पाणी निघाले! फिल्टर बदलला, हवा काढली.

पुण्यापर्यंत सौ. दिव्याकडेच पाहत होती.