काटोलचा दगड आणि शुक्रावरच्या आनंदीबाई

24 मेच्या आसपास, दुपारी सव्वाबाराच्या आगेमागे, वर्ध्याजवळच्या बोरगाव मेघेतल्या कुठल्याही अंगणात पाण्याची बाटली सरळ उभी करून बघा. थोडा वेळ तिला सावलीच नसते! सूर्य तेव्हा अगदी डोक्यावर असतो. गावाचा अक्षांश पावणेएकवीस अंशांच्या जवळपास आहे आणि सूर्य आकाशात तितकाच उत्तरेला सरकला की हा शून्य सावलीचा दिवस येतो. कर्कवृत्ताच्या दक्षिणेकडच्या सगळ्या महाराष्ट्राला तो वर्षातून दोनदा मिळतो. बोरगावचा दुसरा दिवस 20 जुलैच्या आसपास, पण तेव्हा ढगांची मर्जी सांभाळावी लागते. शाळेतल्या मुलांना पृथ्वीचा कललेला आस समजावायला याहून स्वस्त प्रयोग मला ठाऊक नाही.

आता बोरगावच्याच रेखांशावरून नाकासमोर उत्तरेला निघा. साधारण 60 किलोमीटरवर लागतं काटोल. संत्र्यांचं काटोल ग्रहविज्ञानाच्या जगात ओळखलं जातं ते 22 मे 2012 च्या दुपारमुळे. त्या दिवशी भर उन्हात आभाळ गडगडलं आणि परिसरात दगडांचा वर्षाव झाला. ते होते एका लघुग्रहाचे तुकडे. जगभरच्या उल्कापाषाणांच्या यादीत त्यांची नोंद ‘काटोल’ याच नावाने आहे, कारण उल्कापाषाण जिथे पडतो त्या ठिकाणाचं नाव त्याला मिळतं.

खरी गंमत पुढेच आहे. आयआयटी खरगपूरच्या संशोधकांनी या दगडाचा तुकडा तपासला आणि त्यात त्यांना सापडलं ब्रिजमनाइट. 2021 मध्ये त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. ब्रिजमनाइट हे पृथ्वीवरचं सर्वाधिक प्रमाणात असलेलं खनिज; तरी ते हाती लागत नाही, कारण ते असतं 660 किलोमीटरच्याही खाली. माणसाने पाडलेलं सर्वांत खोल भोक आहे रशियातल्या कोला इथलं, आणि तेही जेमतेम सव्वाबारा किलोमीटर! मग काटोलच्या दगडात हे खनिज आलं कसं? अंतराळात दोन खडक प्रचंड वेगाने आदळले, त्या धक्क्यात हवेच्या दाबाच्या दोन लाख पटींहून जास्त दाब क्षणभर तयार झाला आणि त्यातून हे खनिज घडलं. आपल्या पायाखाली शेकडो किलोमीटरवर काय दडलंय, याचा नमुना विदर्भाला आभाळातून मिळाला. या गोष्टीचा मला फार अभिमान वाटतो.

आभाळातून आलेल्या अशाच पाषाणाच्या आघाताने झालेलं लोणारचं विवर बहुतेकांनी पाहिलेलं असतं, निदान सहलीत. पण शास्त्रज्ञ तिथे पुन्हा पुन्हा का येतात? सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचं हे विवर काळ्या बेसाल्टमध्ये, म्हणजे वर्ध्याच्या काळ्या मातीखाली जो पाषाण आहे त्यातच खोदलं गेलं आहे. चंद्रावरचे काळे डागही बेसाल्टचेच आणि मंगळाचा बराचसा पृष्ठभागही. म्हणून चंद्र-मंगळावरची विवरं समजून घ्यायची तर लोणार हे हाताशी असलेलं उत्तम मैदान. त्याच्या वयावर मात्र अजून वाद आहे: एका पद्धतीने सुमारे 52 हजार वर्षं, तर दुसरीने सुमारे 5 लाख 70 हजार.

आणि हो, मंगळावरही एक लोणार आहे! तिथल्या एका विवराला हे नाव दिलंय. भोर आणि पूना याही नावांची विवरं तिथे आहेत. मंगळावरच्या लहान विवरांना पृथ्वीवरच्या छोट्या गावांची नावं द्यायची, असा संकेत आहे. त्यात बोरगाव मेघेही सहज बसेल. शुक्रावर मात्र मान स्त्रियांचा. तिथलं ‘जोशी’ हे विवर डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या नावाचं आणि ‘मेधावी’ हे पंडिता रमाबाईंच्या.

मंगळाशी आपलं आणखी एक नातं जोडते ती नारायणगावजवळच्या खोडदची जीएमआरटी ही 30 अँटेनांची रेडिओ दुर्बीण. प्रत्येक अँटेना 45 मीटर व्यासाची. 19 ऑक्टोबर 2016 रोजी युरोपचं स्कियापरेली यान मंगळावर उतरत होतं, तेव्हा त्याचा क्षीण संदेश जुन्नर तालुक्यात ऐकू येत होता. उतरण्याच्या जरा आधी तो थांबला. यान आदळलं होतं. राष्ट्रीय विज्ञान दिनाला खोडदला लोकांसाठी दारं उघडतात. पुणे विद्यापीठाच्या आवारातल्या आयुका या खगोलविज्ञान संस्थेत मुलांसाठी मुक्तांगण विज्ञान शोधिका आहे. आयुकाचे संस्थापक संचालक डॉ. जयंत नारळीकर मुलांना स्वाक्षरीऐवजी सांगत: पोस्टकार्डावर प्रश्न पाठवा, उत्तराखाली सही मिळेल. विज्ञानप्रसाराची याहून सुंदर रीत मला माहीत नाही.

आकाशात चमकणारं सगळंच मात्र उल्का नसतं. 2 एप्रिल 2022, गुढीपाडव्याची संध्याकाळ. विदर्भाच्या आकाशातून आगीच्या रेषा सरकत गेल्या आणि चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीत धातूचं भलंमोठं कडं पडलं. तो निघाला चिनी रॉकेटचा उरलेला भाग. फरक ओळखायची खूण सोपी आहे: उल्का बहुधा काही सेकंदांत विझते, परतणारा अवकाश-कचरा संथपणे, तुकडे होत, मिनिटभरही दिसत राहतो.

आणि कधी बोरगावच्या शिवारात खरंच काळं कवच असलेला, नेहमीपेक्षा जड वाटणारा दगड पडलेला आढळला, तर तो धुऊ नका, फोडू नका, त्याला लोहचुंबकही लावू नका; चुंबकाने त्यातली कोट्यवधी वर्षांची चुंबकीय नोंद पुसली जाते. पडल्याची वेळ आणि जागा लिहून ठेवा, जागेवरच फोटो काढा, स्वच्छ कागदात गुंडाळा आणि नागपूरच्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण कार्यालयाला लगेच कळवा.