रात्रभर झोपूनही दिवसा पेंग का येते?

अब्बा दहाला आडवे होतात, पहाटेपर्यंत घोरतात, तरी दुपारी वर्तमानपत्र हातात धरूनच पेंगतात. घरचे म्हणतात, वय झालं. घोरणारा गाढ झोपेत असतो हा आपला जुना समज; पुष्कळदा गोष्ट नेमकी उलट असते. या आजाराला स्लीप ॲप्निया म्हणतात.

झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. मानेभोवती चरबी असेल, टॉन्सिल मोठे असतील किंवा जबडा लहान असेल, तर जीभ आणि मऊ टाळू मागे सरकून श्वासाची वाट बंद होते. छाती-पोट हलत राहते, पण हवा आत जात नाही. असे दहा सेकंद, कधी अर्धा मिनिट, कधी त्याहूनही जास्त चालते. रक्तातला प्राणवायू घटतो, मेंदू घाबरून झोपलेल्याला हलवतो, घसा उघडतो आणि मोठा घुरका येतो. ही जाग काही सेकंदांचीच असते, सकाळी आठवतही नाही. म्हणून "मी तर रात्रभर झोपलो होतो" असे माणूस अगदी मनापासून सांगतो.

श्वास तासाला ३० किंवा अधिक वेळा अडत असेल, तर डॉक्टर त्याला तीव्र आजार म्हणतात. सात तासांत हा आकडा दोनशेच्या वर जातो! इतक्या वेळा हलवलेल्या माणसाला गाढ झोप मिळणार कुठून? स्वप्नांच्या झोपेत तर स्नायू सर्वांत ढिले असतात, त्यामुळे तीही मोडते. तास भरतात, पण मेंदूला विसावा मिळत नाही.

सगळ्यांनाच पेंग येते असेही नाही. बायका बऱ्याचदा थकवा, सकाळची डोकेदुखी, झोप न लागणे अशा तक्रारी सांगतात, आणि ते घरकामाच्या दगदगीवर ढकलले जाते. मुले पेंगण्याऐवजी चिडचिडी, चंचल होतात.

इलाज आहे. सिडनीच्या डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ मध्ये नाकावरच्या मास्कमधून हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवण्याची रीत मांडली. आजचे सीपॅप यंत्र तेच. वजन उतरवणे, कुशीवर झोपणे यानेही अनेकांना फरक पडतो. झोपेच्या गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने घेऊ नयेत, त्यांनी श्वास आणखी अडू शकतो. आणि गाडी चालवताना डुलकी येणाऱ्याने तपासणी होईपर्यंत स्टिअरिंग दुसऱ्याच्या हाती द्यावे.

रोग्याला स्वतःला काही ठाऊक नसल्याने साक्षीदार शेजारी झोपणाराच. घोरणे मधेच थांबते का, मग घुरका येतो का, हे एखाद्या रात्री पाहावे, मोबाइलवर टिपून घ्यावे आणि ते कान-नाक-घसा किंवा छातीच्या डॉक्टरांना दाखवावे.