सोनाबाई रजवार : मातीची जाळी आणि ‘स्वयंशिक्षित’ ही संज्ञा

छत्तीसगढमधील सरगुजा जिल्ह्यातल्या पुहपुटरा गावच्या सोनाबाई रजवार (मृत्यू २००७) यांचा उल्लेख सामान्यतः ‘स्वयंशिक्षित’ कलावती असा केला जातो. ही संज्ञा तपासून घेणे आवश्यक आहे. भिंती मातीने लिंपणे हे रजवार स्त्रियांचे परंपरागत काम. ते सोनाबाईंना अवगत होतेच. विवाहानंतर मात्र पतीने त्यांना सुमारे १५ वर्षे बाहेरच्या जगापासून दूर ठेवले. त्या काळात त्यांनी मुलासाठी मातीची खेळणी घडविली. पुढे भिंतींवर पशुपक्षी व माणसे उठावात साकारली. बांबूच्या कामट्या वाकवून त्यांची वर्तुळे बांधायची व त्यांवर माती लिंपायची, अशी जाळी त्यांनी स्वतः योजिली. तिच्यातून घरात वारा खेळे आणि ऊन गाळून येई. १९८३ मध्ये भोपाळच्या भारत भवनाच्या संग्राहकांना हे घर आढळले. पुढे राष्ट्रीय सन्मान लाभला आणि गावातील इतरांनीही ही कला आत्मसात केली. तात्पर्य, लिंपणाचे कसब परंपरेचे, योजना सोनाबाईंची. तिचे श्रेय लादलेल्या एकांताला देणे म्हणजे अन्यायालाच गुरुपद बहाल करणे होय.