गल्लीतील क्षमापना

विदर्भातील बालपणाचे पंचांग खेळांनीच आखलेले असे. वर्धा जिल्ह्यातील आष्टीचेच उदाहरण घ्यावे. तेथे नागपंचमी आली की झोके आणि फुगड्या यांच्या जोडीला हुतात्म्यांचे स्मरणही येते. कारण १६ ऑगस्ट १९४२ रोजी, नागपंचमीच्याच दिवशी, ‘चले जाव’च्या लढ्यात आष्टीकर पोलीस ठाण्यावर चालून गेले आणि गावाने आपली माणसे गमावली. पुढे श्रावण अमावास्येला पोळा. त्याच्या दुसऱ्या दिवशी लाकडी बैल सजवून मुलांचा तान्हा पोळा. आणि भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत मुलींची भुलाबाई.

आपल्या घरांतील पर्वे याच दिवसांत गुंफलेली आहेत. श्वेतांबर परंपरेतील पर्युषण चालू असतानाच तान्हा पोळा येतो. दिगंबर परंपरेचे दशलक्षण पर्व अनंत चतुर्दशीला संपते, आणि लगेच भुलाबाईची गाणी सुरू होतात. एकीकडे आजीसोबत प्रतिक्रमण, दुसरीकडे गल्लीतून येणारी हाक. व्यापारी घरातील मूल या दोहोंत वाढले.

त्या गल्लीला पंच नव्हता, शिट्टी नव्हती. लगोरी असो, लपाछपी असो वा आंधळी कोशिंबीर. नियम मुलेच ठरवीत आणि मुलेच पाळीत. ज्याच्यावर राज्य येई, त्याला आपल्याकडे ‘दाम देणे’ म्हणत. दाम आला की तो चुकवायचा. मध्येच घरी पळणाऱ्याची पत दुसऱ्या दिवशी घसरलेली असे. उधारीचा आणि शब्दाचा पहिला धडा दुकानाच्या गादीवर बसण्याआधी येथे मिळत असे.

विटीदांडूतील मोजणी पाहा: वकट, लेंड, मूंड, नाल. हे शब्द मराठी नाहीत. तेलुगूतील एक ते चार या अंकांशी, म्हणजे ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु यांच्याशी, त्यांचे नाते उघड दिसते. कोणत्याही पाठ्यपुस्तकाविना एका भाषेतील अंक दुसऱ्या भाषेतील मुलांच्या ओठांवर पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहिले.

भुलाबाईच्या गाण्यांत सासर-माहेर, नणंदा-भावजया, रुसवे-फुगवे सारे येते. गाणी संपली की झाकलेला डबा हलवायचा, कानाने ओळखायचे आणि मग खिरापत वाटायची. चौविहार पाळणाऱ्या घरातील मुलगी आपल्या वाट्याचे फुटाणे, लाह्या रुमालात बांधून घरी नेई आणि सूर्योदयानंतर खाई. तिने तेथे खाल्ले नाही, म्हणून ती परकी ठरत नसे. तिचा वाटा तिच्यासाठी राखला जाई. सहजीवनाचे असे अनेक अलिखित संकेत मुलांना कोणी शिकविले नव्हते.

परंतु या खेळांची सर्वांत मोठी शिकवण होती कट्टी आणि बट्टी. करंगळी दाखविली की अबोला. दोन बोटे जुळली की समेट. सकाळची कट्टी संध्याकाळपर्यंत क्वचितच टिके, कारण भिडू कमी पडला तर डावच मांडता येत नसे. भांडलेल्या सवंगड्याच्या दारात जाऊन त्याला हाक मारावीच लागे. संवत्सरीला ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणताना जो नम्रपणा लागतो, त्याचा सराव गल्लीत वर्षभर चाले.

आज क्षमापनेचे संदेश एका क्षणात शेकडो जणांना जातात. ते जरूर जावेत. मात्र आपल्या नातवंडांना प्रत्यक्ष कोणाशी भांडायला, रुसायला आणि पुन्हा त्याच दारात उभे राहायला किती वेळ मिळतो? शाळा, शिकवणी आणि मोबाईल यांच्यामध्ये तो अवकाश उरलेला नाही. ज्याने कधी समोरासमोर हात पुढे केला नाही, त्याच्या क्षमेच्या शब्दांत वजन कोठून यावे?

उपाय खर्चिक नाही. येत्या भाद्रपद पौर्णिमेपासून दुकानाच्या किंवा घराच्या ओट्यावर आठवड्यातून एक संध्याकाळ मुलांसाठी राखावी. शेजारची सर्व मुले बोलवावीत. आजी-आत्यांनी आठवतील ती गाणी सांगावीत आणि खिरापत सूर्यास्तापूर्वी वाटावी. खेळात भांडण झालेच, तर मोठ्यांनी ते सोडविण्याची घाई करू नये. दोन बोटे जुळण्याची थोडी वाट पाहावी.