बंदूक नको, तयारी मात्र शिकाऱ्याची

दसरा सरला की सासवड, सुपे, दौंड, इंदापूर या पट्ट्यातल्या माळांचा रंग बदलतो. कुसळी पिवळी पडते, ओढ्यांतलं पाणी डबक्यांपुरतं उरतं, आणि कझाकस्तानच्या गवताळ प्रदेशातून आलेले भोवत्या पक्षी जमिनीलगत तरंगत टोळ आणि उंदीर हेरू लागतात. लांडग्यांच्या टोळ्या याच दिवसांत पिल्लांसाठी जागा शोधतात. पुण्याच्या पूर्वेला वन्यजीव पाहायचे तर हाच हंगाम, दिवाळीपासून होळीपर्यंतचा.

अमेरिकेच्या खेड्यापाड्यांत साधारण याच महिन्यांत हरणांच्या शिकारीचा हंगाम असतो. तिथला जाणता शिकारी उन्हाळ्यातच कामाला लागतो. आपलं किंवा शेजाऱ्याचं रान पायी फिरतो, हरीण पाण्यावर कुठून उतरतं, कोणत्या खोडाला शिंगं घासतं, पहाटे वारा कुठून वाहतो हे टिपून ठेवतो, पायवाटांवर कॅमेरे बांधतो. परवाने, तारखा, किती जनावरं मारायची हे सरकार ठरवतं. १९३७च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानुसार बंदुका-काडतुसांवरच्या कराचा पैसा वन्यजीवांच्या कामासाठी राज्यांकडे जातो. ही पद्धत आपल्याकडे यावी असं मला मुळीच वाटत नाही. आपली माणसांची दाटी, माळांचे झालेले तुकडे आणि उरलेली जनावरं पाहता आपल्याकडची बंदी योग्यच आहे. पण शिकार थांबली तेव्हा शिकाऱ्याची तयारीही तिच्यासोबत गेली, आणि तिच्या जागी आपण हौशी शहरी लोकांनी काहीच शिकून घेतलं नाही. शनिवारी रात्री बेत ठरतो, रविवारी पहाटे गाडी निघते, माळावर चाकं फिरतात, फोटो मिळतो किंवा मिळत नाही, आणि दुपारच्या जेवणाला सगळे परत. यात रानाचं नुकसान आहे आणि पाहणाऱ्याचंही.

तसं पुण्याचं जनावरांशी नातं जुनं आहे. सवाई माधवरावांचा शिकारखाना पर्वतीच्या पायथ्याशी होता. तिथल्या गेंड्याचं चित्र गंगाराम तांबट या पुण्याच्या चित्रकाराने १७९०च्या सुमारास इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट यांच्यासाठी काढलं. कातडीची घडी नि घडी त्याने निरखली असणार, हे त्या चित्राकडे पाहिल्यावर कळतं. कोल्हापूर संस्थानात चित्ते पाळून त्यांच्याकडून काळविटांची शिकार करवत, आणि देशातले चित्ते संपत आले तेव्हा ते आफ्रिकेतून आणले गेले. पुढच्या पिढ्यांत हौशी शिकारी शिक्षक, वकील, नोकरदार असे साधे लोक होते. माणदेशातल्या माडगूळचे व्यंकटेश माडगूळकर पुण्यात आकाशवाणीवर नोकरी करत आणि बंदूक घेऊन रानात जात. हळूहळू बंदूक मागे पडली. वही, पेन्सिल आणि पाहणं उरलं. वानरांच्या टोळ्यांवरच्या त्यांच्या 'सत्तांतर'ला १९८३ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. शिकाऱ्याची नजर बंदुकीशिवाय किती दूर जाऊ शकते, याचं मराठीत याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

कायद्याचा प्रवासही असाच टप्प्याटप्प्याने झाला. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ साली आला तेव्हा त्यात मोठ्या आणि लहान शिकारीच्या परवान्यांची तरतूद होती. १९९१च्या दुरुस्तीने ती गेली. आज चिंकारा, काळवीट, लांडगा हे पहिल्या अनुसूचीत आहेत. यांच्या शिकारीला किमान तीन आणि कमाल सात वर्षं कैद, शिवाय किमान २५ हजार रुपये दंड आहे. कायद्यातली शिकारीची व्याख्या मात्र फार थोडे लोक वाचतात. जीव घेणं किंवा तसा प्रयत्न करणं एवढ्यावर ती थांबत नाही. पकडणं, फासे लावणं, पाठलाग करणं, हुसकावून पळवणं, आमिष ठेवणं हे सगळं त्या व्याख्येत येतं. पक्ष्यांच्या आणि सरपटणाऱ्या प्राण्यांच्या बाबतीत अंडी आणि घरटी यांना धक्का लावणंही येतं. तरसाच्या फोटोसाठी कोंबडीचे तुकडे टाकणाऱ्याने आणि चिंकाऱ्यामागे गाडी घालणाऱ्याने ही व्याख्या एकदा शांतपणे वाचावी. हातात बंदूक नाही म्हणून आपण शिकारी नाही, असं कायदा मानत नाही.

तर तयारी म्हणजे काय? सुरुवात जागेपासून करू. पुण्याहून सोलापूर रस्त्याने चौफुल्याला वळून सुप्याकडे गेलं की साधारण सत्तर किलोमीटरवर मयूरेश्वर अभयारण्य लागतं. पुणे-सुपे या शहाजीराजांच्या जहागिरीतलं सुपे ते हेच, आणि नाव जवळच्या मोरगावच्या मयूरेश्वरावरून. १९९७ साली जाहीर झालेलं हे अभयारण्य अवघं ५.१४ चौरस किलोमीटरचं आहे. बारामती तालुक्यातलं शिर्सुफळ आणि इंदापूर तालुक्यातलं कडबनवाडी इथे अलीकडे वनविभागाने गवताळ सफारी सुरू केली आहे. नोंदणी करून, गावातला वाटाड्या घेऊन, ठरलेल्या वाटेनेच जायचं. नवख्याने तिथूनच सुरुवात करावी. वाटाड्या मिळतो, म्हणजे त्या मातीत वाढलेला माणूस मिळतो, आणि गावाला माळ राखण्यात चार पैसे दिसतात.

त्याच्याही आधीचा सराव पुण्यातच होतो. वेताळ टेकडी किंवा तळजाईवर उजाडायच्या आत जाऊन एका जागी बसायचं. मोर, तितर, मुंगूस हे तिथले रोजचे रहिवासी. पहिला वेळ पक्षी आपल्याला पाहून गप्प होतात, मग हळूहळू आपापल्या कामाला लागतात. ते कामाला लागेपर्यंत न हलता बसता येणं हीच अर्धी विद्या आहे. टेकडीवर हे जमलं नाही तर माळावर जमणार नाही. तिथे आडोसाही नसतो.

माळावर पहिला विचार वाऱ्याचा. चिमूटभर माती बोटांतून सोडली की वारा कुठे जातो ते कळतं. आपल्याकडून जनावराकडे वारा वाहत असेल तर ते आपल्याला दिसायच्या आत निघून गेलेलं असतं. म्हणून सुवासिक तेल, अत्तर, तंबाखू सगळं घरी. कपड्यांबद्दल एक गोष्ट सांगण्यासारखी आहे: हरणांना लाल-केशरी रंग आपल्यासारखे वेगळे दिसत नाहीत, निळा मात्र चांगला दिसतो. अमेरिकेतले शिकारी भडक केशरी जाकीट घालतात ते यामुळेच. इतर शिकाऱ्यांना ते लांबून दिसतं, हरणाला नाही. तेव्हा माळावर निळी जीन्स टाळा, मातकट रंग बरा. चिंकारा बिचकला तर पळतो, पण काही अंतरावर थांबून वळून पाहतो. तेव्हा पुढे सरकणारा माणूस त्याला कायमचा घालवतो; आहे तिथे खाली बसणारा माणूस त्याला पुन्हा चरताना पाहतो.

मग जमिनीकडे पाहायला शिकायचं. पहाटेच्या दवात बैलगाडीच्या चाकोरीत, ओढ्याच्या वाळूत, शेततळ्याच्या कडेला रात्रीचा सगळा वावर उमटलेला असतो. बिबट्याच्या ठशात नखं सहसा दिसत नाहीत, चालताना तो ती आत ओढून घेतो. लांडगा, कोल्हा, कुत्रा यांची नखं उमटतात. लांडगा दुडक्या चालीत एका सरळ रेषेत जातो, गावचा कुत्रा इकडे-तिकडे हुंगत वेडावाकडा. तरसाचा पुढचा पंजा मागच्यापेक्षा मोठा असतो, आणि हाडं खाल्ल्यामुळे त्याची वाळलेली विष्ठा पांढरी खडूसारखी दिसते. लांडग्याच्या विष्ठेत केस असतात. चिंकाऱ्याचा नर एकाच जागी पुन्हा पुन्हा लेंड्या टाकतो. असा ढीग सापडला की त्याच्या हद्दीवर आपण उभे आहोत हे समजावं. चिंकारा पाण्यावाचून बरेच दिवस राहू शकतो, पाला-शेंगांतला ओलावा त्याला पुरतो. त्यामुळे ऐन हिवाळ्यात त्याच्यासाठी पाणवठ्यावर बसून राहणं फारसं उपयोगाचं नाही. लहान खोकडाच्या शेपटीचं टोक काळं असतं आणि त्याच्या बिळाला अनेक तोंडं असतात. हे सगळं पुस्तकात वाचून कळतं, पण मनात बसतं ते ठशाशेजारी उकिडवं बसल्यावरच.

या विद्येचे खरे जाणकार फासेपारधी. तितर-लाव्यांच्या चाली, सशाची वाट, घोरपडीचं बीळ हे ज्ञान त्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे. १८७१च्या कायद्याने इंग्रजांनी गुन्हेगार जमाती ठरवायची सोय केली, तो शिक्का १९५२ साली कागदावरून पुसला गेला, पण समाजाच्या मनातून अजून पुरता गेलेला नाही. वाशीम-अकोला भागात 'संवेदना' ही संस्था फासेपारध्यांसोबत तणमोराच्या रक्षणाचं काम करते. तणमोर गवतात कुठे अंडी घालतो हे ज्यांना ठाऊक होतं तेच आता त्याची राखण करतात. पुणे जिल्ह्यातल्या माळांवर असं काम का होऊ नये, हा प्रश्न मला फार दिवस छळतो आहे.

दुसरे जाणकार मेंढपाळ. दिवाळीच्या सुमारास धनगरांचे वाडे हलू लागतात तेव्हा लांडगे कुठे आहेत हे त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नसतं. मेंढरं त्यांची जातात, रात्रीची जाग त्यांची असते. त्यांना विचारायचं तर आधी राम राम घालून, बसून, चहा घेऊन विचारा. गाडीची काच खाली करून 'लांडगा कुठे दिसेल?' असं ओरडू नका.

लांडग्यांबाबत फार जपायला हवं. भारतात उरलेले लांडगे सुमारे ३१००, असा शास्त्रज्ञांचा अलीकडचा अंदाज आहे, म्हणजे वाघांपेक्षा कमी. त्यातले बरेच अभयारण्याबाहेर, शेतं आणि माळ यांच्या मधल्या पट्ट्यात राहतात. पिल्लं हिवाळ्यात होतात. बिळाजवळ माणसं घुटमळू लागली की मादी पिल्लं उचलून दुसरीकडे नेते, आणि थंडीत, कुत्र्यांच्या तोंडी, अशा स्थलांतरात पिल्लं दगावू शकतात. भटक्या कुत्र्यांचा धोका आणखी एका प्रकारचा आहे: पुण्याजवळच्या माळावर लांडगा आणि कुत्रा यांचा संकर झाल्याचं जनुकीय तपासणीतून सिद्ध झालं आहे. माळावर बिर्याणीची उरलेली पाकिटं टाकणारा प्रत्येक गट त्या कुत्र्यांना पोसतो.

शेतकऱ्याची बाजू इथे सोडता येणार नाही. रानडुकरं एका रात्रीत मका आणि भुईमूग उलथून टाकतात. ज्वारीत माळा बांधून गोफण घेऊन जागणारा माणूस वन्यजीवप्रेमाचे सल्ले ऐकायला बसलेला नसतो. कायद्यात त्याच्यासाठी वाट आहे: उभ्या पिकाला धोका असेल तर दुसऱ्या अनुसूचीतल्या जनावरांबाबत मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी लेखी परवानगी देऊ शकतो. गावठी बॉम्ब, तारेचा फास आणि बांधावर थेट सोडलेली वीज मात्र डुकराला आणि लांडग्याला सारखीच मारते, आणि अनेकदा माणसालाही. नुकसानभरपाई वेळेवर मिळाली तर हे सापळे कमी होतील असं माझं मत आहे. पाहायला जाणाऱ्या पुणेकरांनी ती मागणी शेतकऱ्याच्या बरोबरीने लावून धरली पाहिजे.

आणि माळाबद्दलही बोललं पाहिजे. सरकारी कागदांत गवताळ जमीन वर्षानुवर्षं 'पडीक' म्हणून लिहिली गेली. पडीक म्हटलं की तिथे काहीतरी करावंसं वाटतं: चर खणा, गिरिपुष्प लावा, सौर पट्टे बसवा. झाडं लावणं चांगलं अशी आपली भाबडी समजूत. पण उघड्या गवतात धावणारा धाविक, जमिनीवर अंडी घालणारी पखुर्डी, दूरवर नजर लागते म्हणून निर्धास्त चरणारा चिंकारा यांना झाडांची दाटी म्हणजे घर जाणं. पुण्यातल्या ज्या संस्था, कंपन्या पावसाळ्यात वृक्षारोपणाला बसगाड्या भरून माळावर नेतात, त्यांनी आधी त्या जागेवर एक हिवाळा नुसतं पाहत काढावा, मग ठरवावं. मला खात्री आहे, बऱ्याच जणांचे खड्डे खणायचे राहतील.

उन्हाळ्यात हाच सराव डोंगरात उपयोगी पडतो. बुद्धपौर्णिमेच्या रात्री भीमाशंकरसह राज्यभर वनविभाग पाणवठ्यांवर मचाण बांधून नागरिकांना बसू देतो. पूर्वी ती प्राणिगणना होती. आता वाघांसाठी कॅमेरा सापळ्यांची पद्धत आल्यावर हा मुख्यतः निसर्गानुभवाचा कार्यक्रम राहिला आहे. हिवाळाभर माळावर बसायला शिकलेल्या माणसाला ती रात्र जड जात नाही.

या हिवाळ्यात जाणार असाल तर वही घ्या, पाणी घ्या, दुर्बीण असेल तर घ्या. पाहिलेल्याची तारीख, वेळ, वारा आणि जागा लिहा, आणि त्या नोंदींची प्रत तिथल्या वनरक्षकाला द्या. बिळाचं ठिकाण कोणालाही सांगू नका, फोटोतून तर मुळीच नको. आणि माळावर फास, तारेचा सापळा, मेलेलं जनावर किंवा हरणामागे लागलेली गाडी दिसली तर हात न लावता, वाद न घालता वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर लगेच कळवा.